वाऱ्याच्या खालच्या अंगाला

गोरेगावला कृषी सहायक म्हणून रुजू झाले तेव्हा नोकरी नवी होती आणि पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकायची घाई होती. पहिल्याच खरिपात कपाशीवरच्या किडींची माहिती द्यायला शेतकऱ्यांना शाळेच्या पडवीत बोलावलं. पंधरा-वीस जण आले. मी कागदावरून वाचत गेले. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, मग बोंडअळ्या. फवारणी वारा शांत असताना करावी, तोंडाला रुमाल बांधावा. माणसं ऐकत होती, तंबाखू मळत होती. एक जण मात्र पडवीत आलाच नाही. तो पटांगणाच्या पलीकडे हापशाजवळ उभा होता. उंच, वाळलेला, पांढरी दाढी, डोक्याला घट्ट गुंडाळलेला पंचा. मला वाटलं, पाणी न्यायला आला असेल.

सगळे गेल्यावर तो दहा पावलांवर येऊन थांबला. थांबण्याआधी त्यानं शेजारच्या लिंबाच्या शेंड्याकडे पाहिलं, माझ्या उजव्या हाताला होता तो चालत डाव्या हाताला गेला आणि मग बोलला.

"मॅडम, वारा शांत आसताना फवारा म्हन्ल्या तुमी. आपल्याकडं वारा शांत आसतो सकाळी नवापर्यंत. तव्हा पानावर दव आसतं. दवावर फवारलं तर सारं ओघळून मातीत जातं. मंग कव्हा फवारावं?"

मी बघून सांगते म्हणाले. तो हसला नाही. त्यानंच सांगितलं, की पाचाच्या पुढं वारा पुन्हा पडतो, दिवस मावळेपर्यंत तास-दीड तास मिळतो, तेवढ्यात जितकं होईल तितकंच करावं. "कागदावर लिवून ठिवा," म्हणाला आणि निघून गेला.

ते मेहबूबचाचा. गावात त्यांना फवारणीवाला म्हणत. दोन एकर स्वतःची, बाकी तीस वर्षं लोकांच्या कपाशीवर पाठीवरचा पंप घेऊन फवारणी. ते उजवीकडून डावीकडे का गेले हे कळायला मला दोन महिने लागले. फवारणीच्या दिवसांत, म्हणजे आखाडापासून दिवाळीपर्यंत जवळजवळ रोजच, ते माणसाशी बोलताना आधी वारा पाहत आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहत. वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे जाईल, त्यांच्याकडून तुमच्याकडे येणार नाही, असे. कपड्यांचा वास तुम्हाला येऊ नये म्हणून. मी पुढं सरकले की ते मागं सरकत. बोलणं मोठ्यानं व्हायचं, त्यामुळे आमच्यात गुपित असं कधी राहिलंच नाही.

त्यांची कामाची रीत पाहण्यासारखी होती. पंपात पाणी ओतताना ते फडक्यातून गाळून घेत. नोझल तुंबलं तर इतर मजूर तोंडानं फुंकर मारत, नाहीतर सुई घालत. चाचांच्या खिशात गवताच्या काड्या असत. सुईनं भोक मोठं होतं, थेंब जाड पडतो, असं ते सांगत. तोंडानं फुंकण्याबद्दल बोलायचीही त्यांची तयारी नसे. तंबाखू नाही, बिडी नाही. शेताच्या कोपऱ्यात पत्र्याची पेटी होती. तिच्यात फवारणीचे दोन जोड. काम झालं की तिथंच बाजूला खणलेल्या खड्ड्यावर अंघोळ, तिथंच कपडे धुणं, आणि घरी जायला वेगळे कपडे. गावातले सगळे 'औषध' म्हणत त्याला ते जहर म्हणत. एखाद्यानं "चाचा, औषध मारायचंय" म्हटलं की ते विचारत, "बिमार कोन हाय?" ह्यात विनोद नव्हता. त्यांना खरंच पाहायचं असे. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांतून वाकून चालत, पान उलटं करत, तुडतुडे मोजत, आणि ढालकिडे दिसले की तेही मोजत. ढालकिडा मावा खातो. तो पुरेशा संख्येत दिसला तर ते पंप न भरताच परत येत. त्या दिवसाची मजुरी गेली ती गेली.

शाळा त्यांची उर्दूतून, तीही चौथीपर्यंत. मराठी अक्षर लावून लावून वाचायचे. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला बारीक छपाईचा कागद असतो, तो सगळे जण बांधावर फेकून देतात. चाचा ते कागद गोळा करून ठेवत आणि आठवड्यातून एकदा माझ्याकडे आणत. मी कार्यालयाच्या पायरीवर बसून वाचायची, ते खाली रस्त्यावर उभे राहून ऐकायचे. एक भाग ते पुन्हा पुन्हा वाचायला लावत. चुकून पोटात गेलं, अंगावर सांडलं, श्वासातून गेलं तर काय करायचं, तो. मी एकदा कंटाळून म्हटलं, चाचा, सगळ्या कागदांत तेच आहे. ते म्हणाले, असू द्या, माझ्या डोक्यात बसेपर्यंत वाचा.

जीपच्या थांब्यासमोर एक हॉटेल आहे. एका दुपारी मी तिथं चहा घेत होते आणि चाचा आले. आत आले नाहीत. बाहेरच्या दगडावर बसले, पिशवीतून स्टीलचा गिलास काढून पुढं धरला. हॉटेलवाल्यानं किटलीतून वरूनच चहा ओतला. दोघांच्याही ते इतकं सवयीचं होतं की कुणी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. कप तसाच बाकड्यावर ठेवला. मी बाहेर गेले.

"चाचा, हे नका करू," मी म्हणाले. "आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांची कपबशी हॉटेलच्या मागं कुडाला अडकवलेली असायची. त्यांनी स्वतः विसळायची, स्वतः पुढं धरायची. मला हे बघवत नाही."

त्यांनी गिलास दगडावर टेकवला. मग म्हणाले, "तुमच्या आजोबाची बशी दुसऱ्यानं बाहेर ठिवली व्हती, मॅडम. त्यो जुलूम व्हता. माझा गिलास म्या सोता बाहेर ठिवला. ह्यात कुनाचा अपमान न्हाई. माझ्या हाताला जहर हाय, येवढंच."

बोलणं खरं होतं. तरी तो माणूस दगडावर एकटा बसला होता आणि आत चार बाकडी रिकामी होती. मी आतून माझा कप आणला आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर उभी राहिले. त्यांनी आधी वारा पाहिला.

हे सगळं कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या शेताकडून जात होते तर ते खड्ड्यावर कपडे धूत होते. मी सहज म्हटलं, घरी कुणी मदतीला नाही का. मान वर न करता ते सांगत गेले. बायको रशिदा. लग्न झाल्यापासून वीस वर्षं त्यांचे फवारणीचे कपडे तीच घरी हातानं धूत होती, लेकरांच्या कपड्यांतच. कुणालाच त्यात काही वाटत नव्हतं. मग ती आजारी पडली. आज हातपाय गळाले, उद्या अन्न जाईना. गावात दाखवलं, मग शहरात नेलं.

"तिथल्या डॉक्टरनं इचारलं, घरात फवारनीचे कपडे कोन धुतं. मी म्हन्लं, हीच धुती. त्यानं लिवून घेतलं. फुडं काही बोलला न्हाई."

मी म्हणाले, त्यामुळेच असं झालं असं नसेल.

"मी बी त्येच इचारलं त्याला. म्हन्ला, तसं सांगता यीत न्हाई." त्यांनी पायजमा पिळला, झटकला, तुरीच्या झाडावर टाकला. आणि पुन्हा तेच वाक्य, आता स्वतःशीच, "तसं सांगता यीत न्हाई."

रशिदा सहा महिन्यांत गेली. मुलगी रुखसाना तेव्हा लग्नाची होती. तिचं वसमतला लग्न करून दिलं आणि चाचा घरात एकटे राहिले. डॉक्टरनं हो म्हटलं असतं तर त्यांनी कदाचित पंप टाकून दिला असता. नाही म्हटलं असतं तर सुखानं झोपले असते. त्यानं फक्त विचारलं होतं. त्या प्रश्नाबरोबर ते राहत होते.

माझ्या दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात बालाजीराव म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांच्या कपाशीत डोमकळ्या दिसल्या. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या आतून शिवून टाकते, फूल उमलत नाही, मिटलेल्या गुलाबासारखं दिसतं. ती डोमकळी. पाच-सहाच होत्या, पण बालाजीराव घाबरले. दुकानातून तीन प्रकारची औषधं आणली, तिन्ही एकाच पंपात घालून लगेच मारायची म्हणाले. वेळ दुपारी बाराची. मी शेजारच्या शेतात कामगंध सापळे तपासत होते. ह्या सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासानं नर पतंग येऊन पिशवीत पडतात. किती पडले त्यावरून किडीचा अंदाज येतो. आवाज ऐकून मी बांधावर गेले.

चाचांनी शेताच्या चार बाजूंनी वीस हिरवी बोंडं तोडून आणली होती. डोक्याचा पंचा सोडून जमिनीवर पसरला होता आणि एकेक बोंड दगडानं फोडून बघत होते. एका बोंडात अळी निघाली. एकोणीस कोरी.

"दहात एक निघाली तर मारू," ते म्हणाले. "आज न्हाई. आन् तीन जहरं एकात तर मी कव्हाच मारनार न्हाई. ह्या उन्हात तर मुळीच न्हाई."

मीही तेच सांगितलं. बालाजीराव वाईट माणूस नव्हेत. पण चहूबाजूंच्या शेतांत फवारणी झालेली, त्यांचंच राहिलेलं. त्यांची झोप उडाली होती. त्यांनी शेजारच्या वाडीतून संजय नावाच्या माणसाला बोलावलं. संजयची तिशी उलटलेली, दोन लेकरं, नाही म्हणायची सवय नाही. त्यानं पंप भरला. चाचांनी त्यालाही सांगून पाहिलं, निदान तोंडाला बांध, वाऱ्याकडं तोंड करू नको. तो हो म्हणाला आणि तसाच शिरला.

मला वाटलं चाचा आता घरी जातील. मी माझ्या सापळ्यांकडे परतले. तासाभरानं पाहिलं तर ते बांधावर, बाभळीखाली उकिडवे बसलेले. शेजारी पाण्यानं भरलेल्या दोन घागरी आणि साबणाची वडी. मी लांबूनच विचारलं, काहून बसलात. त्यांनी हातानंच 'राहू द्या' अशी खूण केली.

दोनच्या सुमारास संजय सरीतच खाली बसला. मग ओकला. मी धावत पोचेपर्यंत चाचांनी त्याच्या पाठीवरचा पंप सोडवून त्याला बाहेर ओढलं होतं. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. कुणी तरी दूध आणायला पळालं, कुणी मिठाचं पाणी पाजा म्हणालं. चाचांनी कुणालाच काही पाजू दिलं नाही. त्याचे कपडे उतरवले, घागरीतलं पाणी ओतून साबणानं डोक्यापासून पायापर्यंत धुतलं, कोरड्या पंच्यात गुंडाळलं, कुशीवर निजवलं. कागदातल्या त्या ओळी मी इतक्यांदा वाचल्या होत्या, आणि त्या वेळी मला एकही आठवत नव्हती. त्यांना ओळीनं आठवत होत्या. बालाजीरावांनीच जीप आणली. चाचांनी तिन्ही बाटल्या गोळा करून माझ्या हातात दिल्या. "डॉक्टरला ह्या दाखवा. नाव सांगू नका, बाटलीच दाखवा."

ते मात्र जीपमध्ये बसले नाहीत. संजयला धुताना त्यांचं अंग सगळं जहरानं माखलं होतं, आणि आत आठ माणसं दाटलेली. आम्ही हिंगोलीला निघालो तेव्हा मी मागं पाहिलं. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, अंगातून पाणी निथळत होतं.

संजय वाचला. काही दिवसांनी चालत घरी आला. त्याची बायको चाचांच्या पाया पडायला गेली तर ते दारातून मागं सरत राहिले, शेवटी तिनं उंबऱ्यालाच हात लावला.

पुढच्या वर्षी चाचांना कामाला कुणी फारसं बोलावलं नाही. त्याबद्दल कुणाच्या मनात वैर नव्हतं. उलट बालाजीराव चारचौघांत त्यांचं नाव आदरानं घेत. पण त्यांना बोलावलं की ते बोंडं फोडत बसतात, नाही म्हणतात, वेळ पाहतात, असं लोकांना वाटे. आणि बॅटरीचे पंप घेऊन फिरणारी तरुण माणसं एका फोनवर हजर होत. आता चाचा दिवसच्या दिवस रिकामे असत. मी त्यांना विचारलं, माझे गोरेगावातले सापळे रोज सकाळी पाहाल का? मला सगळीकडे रोज पोचता येत नाही. ते लगेच हो म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता माझा फोन वाजे. मी भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते. दिवसाचा पहिला आवाज त्यांचाच.

"शाळेमागच्या शेतात तीन. ओढ्यावरच्यात पाच. बालाजीरावच्यात दोन." सलग तीन दिवस आठ-आठ पतंग पडले तर फवारणीचा विचार करायचा, एवढा हिशेब त्यांना पक्का झाला होता. आकडे सांगून झाले की ते फोन ठेवत नसत. मीही ठेवत नसे. लांबून कोंबडा ऐकू यायचा, कधी त्यांचा खोकला. मग ते "बराय" म्हणत.

नोव्हेंबरात त्यांच्या स्वतःच्या शेतात आकडा वाढला. त्यांनी एकदा फवारलं, वेळ पाहून, एकच औषध. तरीही शेवटच्या वेचणीला किडकी कवडी निघालीच. तो पिवळा पडलेला, गाठी झालेला कापूस त्यांनी लपवला नाही. ओंजळीत घेऊन मला दाखवला. म्हणाले, दोन दिवस आधी मारायला हवं होतं, मी ढालकिड्यांकडं पाहत राहिलो. चुकलं.

डिसेंबरात त्यांनी गावात फिरायला सुरुवात केली. पराटी उपटा, तशीच ठेवून फरदड, म्हणजे वेचणीनंतरचं दुबार पीक, घेऊ नका, त्यातच अळी पुढच्या वर्षापर्यंत जगते. प्रत्येकाच्या दारात, अंगणाच्या बाहेर उभं राहून त्यांनी हे सांगितलं. फवारणी केव्हाच संपली होती, अंगाला कसलाही वास नव्हता, तरी आत येऊन बसा म्हटलं तर ते बसत नसत. सवयीनं पाय तिथंच थांबत. नऊ-दहा जणांनी ऐकलं. त्यांच्या रानांत मेंढ्या बसवल्या, मेंढ्यांनी उरलीसुरली बोंडं खाल्ली, पराट्या निघाल्या. आम्ही सापळे काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला.

"चाचा, सापळे तर काल काढले ना?"

"व्हय. काढले."  मी वाट पाहिली. "थंडी लई हाय आज," ते म्हणाले. मी म्हणाले, हो. "बराय," म्हणाले.

तसा फोन पुढचा महिनाभर रोज आला. सांगायला काही नसे. एकदा त्यांनी सांगितलं की रुखसानाला आखाडात मुलगी झाली. सात महिने झाले होते आणि त्यांनी नातीला पाहिलं नव्हतं. आधी फवारणी होती, असं म्हणाले. ह्या वर्षी त्यांनी मोजून चार-पाचदा पंप उचलला असेल. मी तसं बोलले नाही. मी म्हणाले, रविवारी मी घरी हट्ट्याला जाणार आहे, वसमतपर्यंत बरोबर जाऊ.

माझ्या पिशवीत बदलीचा आदेश होता. औंढ्याकडं, सिद्धेश्वरच्या बाजूला. तो मला त्यांना वाटेत सांगायचा होता. जीपनं हिंगोली, तिथून एसटी. ते पांढरेशुभ्र कपडे घालून आले होते, कपड्यांच्या घड्या मोडल्या नव्हत्या. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, पण ते सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले. तेव्हा सांगायचं राहिलं.

रुखसानाचं घर एका अरुंद गल्लीत, दोन खोल्यांचं. तिनं वडलांना पाहिलं, आत गेली आणि मुलीला आणून सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. चाचांनी दोन्ही हात बाजूला घेतले. हवेत धरले तसे. लेकरू त्यांच्या छातीला टेकून दाढीकडं पाहू लागलं.

"अब्बा, पकडो ना उसे. गिरेगी," रुखसाना म्हणाली.

"हात धुतो आधी."

"आत्ताच तर धुतले."

तरी ते उठले. मुलगी तिच्याकडे देऊन मोरीवर गेले, कोपरापर्यंत साबण लावून धुतले, परत आले, आणि मग धरलं. फार थोडा वेळ. मुलगी रडली नाही. त्यांनीच परत दिली.

मला हट्ट्याची जीप पकडायची होती. ते गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. तिथं मी बदलीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, कधीपासून ते विचारलं, तिकडं कपाशी किती असेल ते विचारलं. मी म्हणाले, रुखसाना आठ दिवस राहा म्हणते आहे, राहा ना. तिकडं आता काय काम आहे.

"उद्या जातो," ते म्हणाले.

"घरी कोण आहे चाचा वाट पाहायला?"

"रशिदा तिकडंच हाय ना," ते म्हणाले. कब्रस्तान त्यांच्या शेताच्या वाटेवर होतं, ते मला ठाऊक होतं. 

त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. नव्या जागी गेल्यावर काही दिवस सकाळी फोन आला, मग अंतर पडत गेलं, मग थांबला. मी केला तर ते उचलतात, "बराय" म्हणतात.

वसमतला त्या दिवशी जीप भरायला वेळ होता म्हणून मी गल्लीच्या तोंडाशीच उभी होते. चाचा परत जात होते, भिंतीच्या कडेनं, हळूहळू. रुखसानाचं दार सताड उघडं होतं, आतून तिचा आणि मुलीचा आवाज येत होता. ते उंबऱ्यापाशी थांबले. हात वर करून त्यांनी कडी वाजवली, आणि आतून कुणीतरी 'या' म्हणेपर्यंत तिथंच उभे राहिले.